निळं आलेलं अकरावं प्रकरण

प्रणोती खरमाटेच्या कादंबरीची पहिली सत्तर पानं राखाडी आली. एखादी ओळ नाही, एखादा परिच्छेद नाही, सत्तरच्या सत्तर! बाई एक्केचाळीस वर्षांची, मिरजेतल्या एका कानाच्या दवाखान्यात पंधरा वर्षं श्रवणचाचण्या घेणारी, आणि कादंबरी लिहायचं खूळ नोकरीहूनही जुनं. शेवटी धीर करून पुण्याच्या एका प्रकाशनसंस्थेच्या नवोदितांच्या योजनेत नाव घातलं, दोनशे जणांतून सहांत निवड झाली, दवाखानाभर पेढे वाटून झाले, आणि पहिल्याच घासाला खडा. त्या दिवशी ती दवाखान्याच्या बाथरूममध्ये जाऊन चांगली पोटभर रडली.

राखाडी म्हणजे काय, ते सांगायला हवं. ही गोष्ट २०४६ सालची. तोवर लिहायला शिकणाऱ्यांच्या कपाळाला पट्टी आलेली होती. मेंदूतल्या पेशी एकमेकींशी बोलतात तेव्हा अगदी बारीक चुंबकीय लहरी उठतात. पूर्वी त्या टिपायला खोलीभर यंत्र लागायचं. आता तांदळाच्या दाण्याएवढे चाळीस संवेदक एका कापडी पट्टीत शिवले की काम भागत होतं. पट्टी बांधून लिहायला बसायचं, आणि स्क्रीनवर ओळीमागून ओळ रंगत जायची.

रंग तीन. माणूस आठवतो तेव्हा त्याच्या मेंदूतले बघण्याचे, हुंगण्याचे, स्पर्शाचे भाग घडल्या क्रमानं पुन्हा जागे होतात, कुठे अडखळत नाहीत. ती ओळ निळी. कल्पना करतो तेव्हाही तेच भाग जागे होतात, पण तुकड्यातुकड्यानं. इथलं झाड, तिथली भिंत, मावशीचं नाक, सगळं आणून जोडावं लागतं, आणि दर सांध्यावर मेंदू सेकंदाच्या दहाव्या हिश्शाइतका थबकतो. ती ओळ केशरी. आणि यातलं काहीच जागं न होता नुसता शब्दांचा कारखाना धडधडत असला, तर ओळ राखाडी. म्हणजे लिहिणाऱ्याला काही दिसलंही नाही आणि काही आठवलंही नाही, फक्त पान भरलं.

"पाणावलेले डोळे, कोवळी उन्हं, काळजात कळ," योजनेच्या संपादक केळुसकरबाई फोनवर म्हणाल्या होत्या. मूळच्या वेंगुर्ल्याच्या, वय बहात्तर, जीभ विळीची. "अहो, हे तुम्ही लिहिलेलं नाही. हे मराठीत आधीपासून पडलेलं होतं, तुम्ही फक्त उचलून आणलंत. टाका ते. आणि पुन्हा सुरू करा. पाय निळ्यात ठेवायचे आणि हात केशरीत घालायचे, एवढाच धंदा आहे आपला."

प्रणोतीनं सत्तर पानं टाकली. हे सगळ्यांना जमत नाही, तिला जमलं. आईची उंची, मामाच्या घोरण्याचा सूर, दवाखान्यातल्या स्पिरिटचा वास, जे जे अंगाला लागलेलं होतं ते ते घेतलं, आणि त्यावर सुगंधा नावाची एक बाई उभी केली. द्राक्षाच्या मुलखातली, पाच फूट पाच इंच उंच, मार खाऊन गप्प राहणारी. आठ महिन्यांत दहा प्रकरणं झाली. निळं, केशरी, निळं, केशरी. राखाडी जवळजवळ संपलंच. केळुसकरबाईंनी एकदा "बरं आहे" म्हटलं, आणि त्या दोन शब्दांवर प्रणोती आठवडाभर तरंगत होती.

प्रत्येक प्रकरणाची पहिली श्रोती मात्र बाई नव्हेत, आई. शालन खरमाटे, वय सहासष्ट. दर रविवारी सकाळी वाचन. प्रणोतीनं "आई, ऐकतेस?" म्हटलं की शालन हातातलं काम टाकायची, गॅस बंद करायची, मांडीवर हात ठेवून समोर बसायची, आणि संपेपर्यंत हूं की चूं करायची नाही. दूध अर्धं तापलेलं असो, फोडणी तडतडत असो, आधी गॅस बंद. हे काही कादंबरीपासूनचं नाही. प्रणोती पहिलीत असल्यापासून असंच. शाळेत कुणी कुणाचा डबा खाल्ला एवढं सांगायचं असलं तरी गॅस बंद! मामी हसायची. "तुमच्या लेकीचं भाषण म्हणजे लोडशेडिंगच वन्सं," म्हणायची. शालन हसायची नाही.

अकरावं प्रकरण हा कादंबरीचा कणा. नवरा बेदाण्याच्या शेडवर धुरीच्या खोलीत शिरतो आणि सुगंधा बाहेरून कडी लावते. बेदाण्याला सोनेरी रंग यावा म्हणून गंधक जाळून त्याची धुरी देतात. त्या बंद खोलीत माणूस फार वेळ टिकत नाही. प्रणोतीला हे रस्त्यानं जाता-येता पाहून आणि इकडचं तिकडचं वाचून ठाऊक होतं, असं तिला वाटत होतं. हे प्रकरण मात्र तिनं एका बैठकीत लिहिलं, गुरुवारी दुपारी, रजा काढून, स्क्रीनकडे ढुंकूनही न बघता. सोमवारी हस्तलिखित द्यायची शेवटची तारीख होती. सहांतली एकच कादंबरी छापली जाणार होती. म्हणून आईला ऐकवायच्या आधी, पहिल्यांदाच, तिनं प्रकरण थेट पुण्याला पाठवून दिलं.

शुक्रवारी फोन आला तेव्हा ती दवाखान्यात एका आजोबांची चाचणी घेत होती. आजोबा आवाजबंद बूथमध्ये कानाला यंत्र लावून बसलेले, ही बाहेर. जाता जाता सांगतो, त्या बूथचं दार ती स्वतः कधी लावत नसे, पेशंटला आतून ओढून घ्यायला सांगायची. कुणी विचारलं तर म्हणायची, सवय.

"अभिनंदन करू की चौकशी करू?" केळुसकरबाई म्हणाल्या.

"काय झालं बाई?"

"तुमचं अकरावं प्रकरण निळं आलंय. कडीचं अख्खं पान निळं. इतकं गडद निळं मी आजवर एकदाच पाहिलं, ढिगाऱ्याखालून जिवंत निघालेल्या एका माणसाचं."

"पण मी ते रचलंय! मी आयुष्यात कधी बेदाण्याच्या शेडमध्ये पाऊल टाकलेलं नाही."

"मग ते तुमच्या मेंदूला सांगा."

"पट्टी चुकत नाही का कधी?"

"पट्टी एवढंच म्हणते की तुम्ही आठवताय. आठवलेलं घडलंच होतं, असं ती म्हणत नाही. शंभरदा ऐकलेली गोष्टसुद्धा निळी येते कधी कधी. पण ऐकीव गोष्टीला चव नसते हो. तुमच्या त्या कडीच्या गंजाची चवसुद्धा निळी आलीय."  मग संपादकाच्या आवाजात म्हणाल्या, "दोन दुरुस्त्या. एक, सुगंधा पाच फूट पाच इंच आहे, तुम्हीच लिहिलंय. कडी लावायला ती द्राक्षं भरायच्या प्लॅस्टिकच्या कॅरेटवर कशाला चढते? ढोबळ चूक आहे, काढून टाका. दुसरं, पानाची शेवटची ओळ केशरी आहे. तेवढी एकच रचलेली दिसते. बघा काय ते."

प्रणोतीनं ते पान उघडलं. डोळ्यांना गिचमिड दिसायला लागलं, तरी वाचलं.

"धुरीच्या खोलीचं दार वीतभर उघडं होतं. फटीतून पांढुरका धूर येत होता, डोळे चुरचुरत होते. सुगंधानं हिरवं कॅरेट पालथं घातलं, त्यावर चढली, टाचा उंचावल्या आणि कडी सरकवली. लोखंड उन्हानं तापलं होतं. तिनं बोटं चाटली, गंजाची चव आली. आतून कुणी दार वाजवलं नाही."

तिचे वडील ती पाच वर्षांची असताना गेले होते. तासगावच्या बाजूला, गावी. हार्टअटॅक, असं तिला सांगितलेलं. त्याच महिन्यात आई तिला घेऊन मिरजेला मामाकडे आली, ती परत गावाकडे फिरकली नाही. दिराशी बिनसलं, एवढंच ती म्हणायची. घरात वडिलांचा फोटो होता, पण गावाचं नाव निघालं की शालन उठून जायची.

आणि पाच फूट पाच इंच उंची आईची होती.

 मी पाहिलंय, प्रणोतीला वाटलं. मी तिथं होते, आणि आईनं कडी लावताना मी पाहिलंय! बूथच्या काचेवर टकटक झाली आणि ती किंचाळलीच. आतले आजोबा बिचारे केव्हापासून बटण दाबून दाबून कंटाळले होते. "झालं का गं पोरी माझं?" ते विचारत होते.

शनिवार कसा गेला ते तिचं तिला माहीत. आईनं वाढलेलं ताट समोर आणि घास उतरेना. भात कालवणाऱ्या त्या बोटांकडे ती बघत बसली. ह्याच बोटांनी हिची वेणी घातली होती, तापात कपाळावर पट्ट्या ठेवल्या होत्या. शालननं बाथरूमची कडी लावली तरी हिच्या अंगावर काटा आला.

"काय गं, पाठवलेलं आवडलं न्हाई का त्या बाईला?" शालननं विचारलं.

"आवडलं."

"मग तोंड का उतरलंय?"

"काही नाही. ॲसिडिटी."

"जिरं खा," म्हणून शालननं जिऱ्याची डबी पुढं सरकवली. खुनी बाई मुलीला जिरं देते का? हा प्रश्न प्रणोतीला पडला, आणि असा प्रश्न आपल्याला पडावा याचीच तिला इतकी शरम वाटली की ती गच्चीवर निघून गेली. प्रकरण काढून टाकलं तर कादंबरीत राम उरत नाही. ठेवलं तर आईचं पाप आपण छापून वाटणार. आणि आईला विचारलं तर? छत्तीस वर्षं एका छपराखाली काढलेली ती बाई मग आपली कोण उरेल? तासभर उन्हात उभी राहून तिचं डोकं भणभणलं. शेवटी तिनं ठरवलं की उद्या रविवार आहे, वाचायचं.

रविवारी दहाच्या सुमाराला शालन थालीपीठ लावत होती. तव्यावर पहिलं थालीपीठ, कडेनं तेल सोडलेलं.

"आई, ऐकतेस?"

खट्. गॅस बंद. शालन हात धुऊन आली, समोरच्या खुर्चीत बसली, मांडीवर हात ठेवले.

प्रणोतीनं वाचायला सुरुवात केली. शेड आली, जाळीवर पसरलेली द्राक्षं आली, गंधकाचं घमेलं आलं. वर बघायचा धीर तिला होत नव्हता. कॅरेट आलं, कडी आली. शेवटची ओळ वाचून तिनं मान वर केली. शालनचा चेहरा पांढरा पडला होता. पदराचं टोक तिनं तोंडावर धरलं होतं, आणि डोळे मात्र प्रणोतीवरच होते.

"हे तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. मला वाटलं, मी रचलं. पट्टी म्हणते, मला आठवतंय." प्रणोतीचा आवाज फाटला. "आई, आप्पांना अटॅक नव्हता ना आला? तू लावलीस ना कडी?"

"सगळ्या गावाला मी तसंच सांगितलंय," शालन म्हणाली. "पोलिसांना सांगितलं, धूर येत होता म्हणून चुकून लावली. तुझ्या काकाला सांगितलं. त्यानं मला दारातून हाकललं, तेव्हासुद्धा हेच सांगितलं."

"सांगितलंस म्हणजे? लावलीस की नाही?"

शालननं तोंडावरचा पदर खाली घेतला. मग अगदी हळू म्हणाली, "मला कॅरेट लागत नव्हतं गं, प्रणू. माझा हात पोचायचा."

प्रणोतीला आधी काही कळलंच नाही. उंचीचा हिशेब तिनं मनात दोनदा केला. मग कळलं. हातातले कागद खाली पडले आणि ते उचलायचं तिला सुचलं नाही. पालथं कॅरेट. उंचावलेल्या टाचा. चाटलेली बोटं! मोठी बाई कशाला बोटं चाटेल? केळुसकरबाईंना दिसलेली चूक ही चूक नव्हतीच. त्या पानावर चुकीची होती ती सुगंधा.

"मी?" ती म्हणाली. "मी लावली?"

"तुला तसं शिकवलंच होतं." शालन आता भराभर बोलायला लागली, छत्तीस वर्षांचं तुंबलेलं. "तुझ्या आप्पांनीच शिकवलं. धुरीच्या खोलीचं दार उघडं दिसलं की कडी लावायची, न्हाईतर धूर बाहेर येतो, बायकांचे डोळे जातात. तुझ्यासाठी ते कॅरेट तिथं ठेवलं होतं त्यांनी. एक कडी लावली की एक मूठ बेदाणे. सगळी शेड तुला कडीवाली म्हणायची. तू दिवसभर दाराकडं नजर ठेवून असायचीस. त्या दुपारी बायका जेवायला गेल्या होत्या. गंधक नीट पेटलं का बघायला हे परत आत गेले. दार उघडं राहिलं. तू तुझं काम केलंस. पाच वर्षांचं लेकरू, सांगितलेलं काम केलंस, दुसरं काय?"

"आणि मी काय केलं नंतर?"

"बाहेर कॅरेटवर बसलीस. बेदाण्याची वाट बघत."

प्रणोतीच्या घशातून जो आवाज निघाला तो तिचा तिलाही ओळखू आला नाही. शालन उठून आली, तिचं डोकं तिनं पोटाशी धरलं. दोघी तशाच राहिल्या. तव्यावरचं थालीपीठ गार होऊन गेलं.

"मला का नाही सांगितलंस? तुला गावानं काय काय म्हटलं असेल. नवऱ्याला मारणारी म्हटलं असेल!"

"म्हटलं. म्हणू दे. मला म्हटलं तर मी ऐकून घेईन, तू कशी जगली असतीस?" शालन परत खुर्चीत बसली, पण आता तिची नजर खाली होती. "आणि गावाचं सगळंच काही खोटं नव्हतं."

"म्हणजे?"

"ती शेवटची ओळ. कुणी दार वाजवलं नाही, असं लिहिलंयस ना तू? वाजवलं होतं."

बाहेर कुठेतरी रिक्षाचा हॉर्न वाजला. 

"तू धावत घरात आलीस. शेडपासून घर पन्नास पावलांवर. मी भाकरी करत होते. तू म्हणालीस, आई, खोलीत कुणीतरी दार वाजवतंय." शालन पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. "तू लहानपणापासून अशीच, गोष्टी रचणारी. आदल्याच दिवशी म्हणालीस, विहिरीत गाय पडली. मी हातातलं टाकून पळाले, तर गाय गोठ्यात रवंथ करतीया. त्या दिवशी तव्यावर भाकरी होती. ती करपंल म्हणून मी उठले न्हाई. म्हटलं, पुरे तुझ्या गोष्टी, आधी भाकरी खा. तू खाल्लीस. मग परत गेलीस बाहेर. मी निवांत चार भाकरी केल्या आणि मग त्यांना जेवायला हाक मारायला गेले."



"कडी तुझी नव्हतीच, प्रणू," शालन म्हणाली. "मी उठले असते तर ती कडी नुसती कडी राहिली असती. म्हणून मी गावाला सांगितलं ते खोटं आहे असं मला कधी वाटलं न्हाई. त्या दिवसानंतर तू सांगितलेली एकही गोष्ट मी अर्ध्यात तोडली न्हाई. काय सांगशील ते आधी खरं धरायचं."

प्रणोतीनं गॅसकडे पाहिलं. बंद केलेलं बटण, गार तवा. मामी म्हणायची ते लोडशेडिंग!

"मी हे प्रकरण काढून टाकते," ती म्हणाली. "नाही द्यायची कादंबरी."

"का म्हणून? आठ महिने बसलीयस."

"मग सुगंधाच लावू दे कडी. कॅरेट काढते."

"तुझी बाई म्हणाली ना, कॅरेट चूक आहे? मग चूक कुठली ते तुला आता ठावं आहे." शालननं नाक पुसलं. "लेकरू घाल तिथं. आणि भाकरीवालीपण घाल. मी छत्तीस वर्षं तोंड शिवून बसलेय, आता कुणीतरी नीट सांगू दे. फक्त छापायच्या आधी मला वाचून दाखव."

दुपारी प्रणोतीनं पट्टी बांधली. शालन टेबलाच्या पलीकडे बसली, मांडीवर हात. स्क्रीन प्रणोतीकडे होता.

सुगंधा त्या पानातून गेली. तिच्या जागी पाच वर्षांची पोर आली, आणि कॅरेट आपोआप बरोबर झालं. शेवटची ओळ प्रणोतीनं खोडली. लिहिलं, "आतून कुणीतरी दार वाजवत होतं." ओळ केशरी झाली. खोडून वेगळ्या शब्दांत लिहिलं, तरी केशरी. दुसऱ्यांचे कान तपासण्यात पंधरा वर्षं गेली होती, पण ते वाजणं तिला खरंच आठवत नव्हतं.

मग तिनं खालची ओळ मोठ्यानं म्हणत लिहायला घेतली. "आई म्हणाली, पुरे तुझ्या गोष्टी, आधी भाकरी खा."

ओळ पुरी व्हायच्या आधीच निळी झाली. साधी निळी नव्हे, गडद, जवळजवळ काळी. आणि तिला सगळं दिसलं. आईची पाठ. पाठीवर घामानं चिकटलेलं हिरवं पोलकं. भाकरीची एक कड करपलेली, ती आपण आधी खाल्ली, कडू लागली. आपण म्हणालो, खरंच वाजवतंय गं. आई वळली नाही. हे सगळं आत जसंच्या तसं होतं, इतकी वर्षं. तिची बोटं कळांवर थांबली.

"कुठला रंग आला गं?" शालननं विचारलं. दहा प्रकरणं ऐकून रंग तिलाही पाठ झाले होते. आवाज साधाच होता, पण मांडीवरचे हात एकमेकांत घट्ट गुंतले होते. तिला त्या एकाच ओळीचा रंग हवा होता, हे प्रणोतीला कळलं.

प्रणोतीनं स्क्रीनकडे पाहिलं. मग आईकडे.

"केशरी," ती म्हणाली. "तू बोललीस ते मला काही आठवत नाही, आई. आता तू सांगितलंस म्हणून रचलं."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिनं काहीही न अडखळता एक गोष्ट रचली होती.

शालननं तिच्याकडे नीट पाहिलं. मग तिचे हात सुटले, आणि तिनं एवढा मोठा श्वास सोडला की टेबलावरचा कागद हलला. "बरं झालं बाई," ती म्हणाली. "न्हाई आठवत तेच बरं."

छत्तीस वर्षांत लेकीच्या एकाही गोष्टीवर तिनं अविश्वास दाखवला नव्हता, तो याही गोष्टीवर दाखवला नाही. ती उठली, ओट्यापाशी गेली आणि तिनं गॅस पेटवला.